बघून शिकलेले हात

१

सकाळी पाणी भरून झालं की मी नानांना उठवायची. उठवायची म्हणजे डाव्या काखेत हात घालून बसतं करायची, पाठीला उशी लावायची आणि उजवा हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवायची. तो हात ओल्या गोधडीसारखा जड लागायचा. मग चूळ, बशीतून चहा, अंग पुसणं, पाठीला पावडर. या सगळ्यात नाना काही बोलत नसत. पडलेला माणूस काय बोलणार, आणि उचलणाऱ्याला तरी उत्तर द्यायला दम कुठे असतो.

नाना म्हणजे माझे मालक, लीलाधर. आमच्या लेकीनं, लतानं, लहानपणी त्यांना नाना म्हणायला सुरुवात केली आणि घरात सगळ्यांनीच ते उचललं, मीसुद्धा. दीपनगरला वीज केंद्रात ते फिटर होते. श्रावणात एक दिवस कामावरून आले, बूट काढायला वाकले ते वाकलेलेच राहिले. उजवी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली हे नशीब, असं डॉक्टर म्हणाले. दवाखाना जळगावात, म्हणून क्वार्टर सोडून आम्ही तिथेच मेहरूणला दोन खोल्या घेतल्या. पुढच्या खोलीत खाट. मागच्या खोलीत माझा स्वयंपाक. तिच्या मागे फरशी घातलेलं अंगण आणि त्यात चूल.

चूल घातली ती मांड्यांसाठी. आमच्याकडे खापरावरची मोठी पुरणपोळी करतात, तिला मांडा म्हणतात. पुरण भरलेला उंडा आधी थापायचा, मग दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या मनगटावरून त्या मनगटावर झुलवत वाढवायचा. कोपरापर्यंत आला की उपड्या तापलेल्या खापरावर टाकायचा. लाटणं लागत नाही. ज्याला येतं त्याला येतं. लग्नकार्यात बायका मला मांड्यांना सांगत, दीपनगरला असल्यापासून. माझ्या उजव्या हाताची करंगळी मुडपलेली आहे ती त्यातलीच. लहानपणी खापराला लागली, भाजली, आणि जखम भरताना आत वळली ती तशीच राहिली.

दिवाळीपर्यंत आमचं असं चाललं. नाना वर पत्र्याकडे बघत पडलेले, आणि मी या खोलीतून त्या खोलीत.

२

दवाखान्यात व्यायाम शिकवायला प्रमिलाबाई म्हणून होत्या. तरुण, चटपटीत, आवाज मोठा. आठवड्यातून एकदा रिक्षात घालून मी नानांना त्यांच्याकडे न्यायची. त्या हात ताणायच्या, पाय दुमडायच्या, आणि हात होता तसा परत खाली पडायचा. दिवाळीनंतर एकदा त्या स्टूल ओढून समोर बसल्या.

“नाना, हात हलत नाही ना? मग आता हलवू नका. नुसता मनात हलवा.”

नानांना वाटलं थट्टा करतात. ते भिंतीकडे बघायला लागले.

“खरंच सांगते. तुमचा हात चांगला आहे. त्याला हुकूम जाण्याची डोक्यातली वाट बुजली आहे. मनात तेच तेच काम करत राहिलं की डोकं दुसरी वाट पाडतं, शेतात पायवाट पडते तशी. बाहेरच्या देशांत तपासून बघितलंय. माणूस नुसता बसून मनात बोटं चालवतो, तरी डोक्यातला बोटांचा भाग वाढतो.”

“काय चालवू मनात?” नानांनी विचारलं. “पाना फिरवू? आता पाना हातात कसा धरत व्हतो तेच आठवत नही.”

प्रमिलाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवीला गाठ मारत होते.

“मग यांच्याकडे बघा. दिवसभर हातानं काम करतात. बघता बघता तेच मनात करायचं. हात यांचा नाही, माझा आहे, असं समजून करायचं.”

मला त्यात काही नवल वाटलं नाही. माझी आई मला मांडे शिकवताना पीठ हाती देत नसे. “आधी डोयांनी कर,” म्हणायची. वर्षभर मी नुसती तिच्या शेजारी बसले. मग केळीत पाणी धरताना, भांडी घासताना, कुठेही असले तरी मनात मांडा फिरवायची. पहिला उंडा हातात आला तेव्हा हाताला सगळं आधीच ठाऊक होतं. म्हणून प्रमिलाबाई म्हणतात ते खरं आहे हे मला पटलं. घरी आल्यावर मीच शेजारच्या सुनंदाबाईला हाताशी घेतलं, खाट फिरवली आणि दारासमोर लावली. तिथून स्वयंपाकघर दिसायचं, आणि त्याच्या पलीकडे अंगणही.

३

सुरुवातीला बरं वाटलं. नाना पत्र्याकडे बघायचे थांबले. मी भाकरी थापायला बसले की ते डोकं कलतं करून बघत राहायचे. चार थापा, एक वळसा, चार थापा, एक वळसा. थोड्या दिवसांनी त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. थापांबरोबर आत-बाहेर, आणि वळशाला जरा अडून. मी थापणं थांबवलं की श्वासही थांबायचा. भाकरी तव्यावर टाकली की ते श्वास सोडायचे.

“दमता का हो?” मी एकदा विचारलं.

“तू दमतेस ना,” ते म्हणाले. “मग मीबी दमतो.”

संक्रांतीच्या आसपास त्यांचं बोट हललं. दुपारी मी तांदूळ निवडत होते. त्यांनी हाक मारली नाही, मला आपोआप तिकडे बघावंसं वाटलं. मांडीवर ठेवलेला उजवा हात उघडत होता. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, त्याच्या शेजारचं. मी सुपातले तांदूळ सांडून धावले. सुनंदाबाई आवाज ऐकून आली, परत जाऊन गूळ घेऊन आली आणि नानांच्या तोंडात घातला. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. श्रावणात रडायला वेळच मिळाला नव्हता.

चार बोटं उघडली. करंगळी आत वळलेली राहिली.

“ती पण सुटेल हळूहळू,” प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी ती ताणून बघितली. ती आत अडकल्यासारखी होती, जशी माझी आहे.

घरी येऊन मी माझा हात नानांच्या हाताशेजारी चादरीवर ठेवला. मोठा हात आणि लहान हात, एवढाच फरक. मी स्वतःला समजावलं, इतके महिने मूठ मिटलेली होती. एखादं बोट हट्टी असायचंच. नेमकं तेच असावं, हा योगायोग.

नानांनी हात ओढून घेतला आणि चादरीखाली ठेवला.

४

मला थकवा होताच, पण आता तो वेगळा झाला. पूर्वी संध्याकाळी पाय दुखायचे. आता सकाळी उठतानाच वाटायचं की मी सगळी कामं करून बसले आहे. पाणी भरलेलं, भांडी झालेली, भाकरी थापून झालेल्या. मग डोळे उघडायचे आणि सगळं तसंच पडलेलं असायचं.

एक दिवस आरशासमोर वेणी घालताना हात थांबले. तीन पेड हातात होते. कुठला कुठल्यावरून जातो ते हातांना कळेना. डोक्याला कळत होतं, मी तोंडानं सांगू शकले असते. हात मात्र परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे थांबून राहिले होते. मी केसांना गाठ मारली आणि कामाला लागले.

डॉक्टरांना दाखवलं. रक्त कमी आहे म्हणाले. इंजेक्शनं लिहून दिली. “तुम्ही आडव्या झालात तर यांचं कोण करणार?” असंही म्हणाले. मला ते पटलं. बाई माणूस आजारी माणसाचं करून करून झिजते, हे काय नवीन आहे? बादली मी उचलू शकत होते. ताकद गेली नव्हती. मग गेलं होतं ते काय, हे डॉक्टरांना कुठल्या शब्दांत सांगायचं, ते मला सुचलं नाही.

तोवर नाना उजव्या हातानं जेवायला लागले होते. घास करताना आधी बोटांच्या टोकांनी भात जरा दाबून बघायचे. ती सवय माझी.

आणि मग निऱ्यांची गोष्ट झाली. न्हाणीतून मी लुगडं गुंडाळून स्वयंपाकघरात आले, निऱ्या करायला घेतल्या आणि दोन निऱ्यांवर बोटं अडली. पुन्हा सोडलं, पुन्हा धरलं. कापड नुसतं हातात गोळा व्हायचं. मी दाराकडे बघितलं. नाना माझ्याकडे बघत नव्हते, खाली बघत होते. त्यांच्या हातात चादरीचा काठ होता. तर्जनी आणि अंगठ्यात धरून ते एकावर एक घडी घालत होते, सारख्या रुंदीची. शेवटी त्यांनी सगळ्या निऱ्या एकत्र चिमटीत धरल्या, खालून एक झटका दिला, सरळ केल्या आणि पोटाशी खोचल्या.

मग वर बघितलं. मी दारात उभी होते, कापड हातात.

“सहज,” ते म्हणाले. “बोटांले काम पायजे म्हणून.”

५

माघात सुनंदाबाईच्या भाचीचं लग्न निघालं. मांडे माझ्याकडून हवेत म्हणून ती आधीच सांगून गेली होती. मी नाही म्हणायला हवं होतं. पण वेणी आणि निऱ्यांवरून मांड्यांचं अनुमान काढायला माझं मन तयार नव्हतं. मांडे माझ्या हातात नव्हते, हाडात होते.

दुपारी अंगणात चूल पेटवली. सुनंदाबाईनं पुरण वाटून आणलं होतं. कणीक तिंबून मऊ झाली होती. खापर तापलं. मी उंडा भरला, थापला, हातांवर घेतला.

आणि उभी राहिले.

पुढे काय करायचं असतं? उजवा हात खालून जातो की वरून? उंडा मनगटावर ओघळला, लांब झाला आणि मधे फाटला. पुरण फरशीवर पडलं. मी दुसरा घेतला. तो हातावरच चिकटून बसला, मी त्याला नुसती धरून राहिले, दुसऱ्याचं लेकरू धरावं तशी.

“कुंदा,” सुनंदाबाई हळू म्हणाली, “तुले झालं काय? बस जरा. पाणी पी.”

मी पाण्यासाठी वळले आणि स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत नजर गेली. तिथे अर्धवट उजेड होता. नाना खाटेवर टेकून बसले होते. दोन्ही हात छातीसमोर उचललेले. हातांवर काही नव्हतं. पण हात चालले होते. या मनगटावरून त्या मनगटावर, कोपरं किंचित बाहेर, खांदे सैल. झुलवणं, फिरवणं, कडेला हलकं ताणणं. वजन कुठे जास्त आहे ते बघून तिथे जरा थांबणं. मी माझे स्वतःचे हात काम करताना कधी समोरून बघितले नव्हते. ते इतके सुंदर होते हे मला माहीत नव्हतं.

नाना पुढे वाकले आणि त्यांनी हातांवरचा तो नसलेला मांडा खाटेच्या पायथ्याशी अलगद टाकला. नंतर उजवा हात मांडीला पुसला.

माझ्यामागे सुनंदाबाई उभी होती. तिनंही बघितलं होतं. तिनं पुरणाचं पातेलं उचललं, पदरानं झाकलं आणि मागच्या दारानं निघून गेली. त्यानंतर बरेच दिवस ती घरात आली नाही. काही द्यायचं असलं तर भिंतीवरून द्यायची.

६

“माझ्याकडे बघू नका आता,” मी त्याच दिवशी नानांना म्हटलं.

“मग कुठी पाहू? पत्र्याले?”

“कुठेही बघा. माझ्याकडे नको.”

त्यांनी उजवा हात चादरीखाली घेतला. मग म्हणाले, “मी मुद्दाम नही करत, कुंदा.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे.”

“तुझी वेणी नही पाह्यली का मी? सगळं दिसतं मले. दुसरं आहे काय दिसायले.” त्यांनी डोळे मिटून घेतले. “डोये मिटले तरी चालूच राह्यतं. आधी मी करत व्हतो. आता ते आपोआप व्हतं.”

“मग थांबवा.”

“कसं थांबवू? मेलेला हात हलला, कुंदा. तू थांबवला असता?”

मला राग यायला हवा होता. राग येण्याएवढंही अंगात काही उरलं नव्हतं. मी खाट पुन्हा फिरवली, कशीबशी, त्यांनीही डाव्या पायानं जोर लावला. त्यांचं तोंड भिंतीकडे केलं. त्यांनी विरोध केला नाही.

दोन-तीन दिवस बरे गेले. मग लक्षात आलं की त्यांचा श्वास अजून थापांबरोबरच चालतो. त्यांना दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. बांगड्या, परात, माझी पावलं, नळ सोडण्याचा आवाज. मी बांगड्यांवर फडकं गुंडाळलं. भाकरी थापणं सोडून पिठाची पेज करायला लागले. चप्पल काढून ठेवली आणि पाय न वाजवता चालू लागले. स्वतःच्या घरात मी चोरासारखी वावरत होते, आणि तेवढ्यानंही दमत होते.

खाट जुनी होती, सुंभाची. माझं पाऊल पडलं की पुढच्या खोलीत सुंभ करकरायचं. मी थांबले की ते थांबायचं. एक पाऊल, एक करकर. मी म्हणायची, कूस बदलत असतील. माणूस पडून पडून आंबतो, हलणारच. पाऊल टाकलं, करकर. पाऊल टाकलं, करकर.

मग एका दुपारी मी ओट्यापाशी उभी होते. दारापर्यंत जायचं मनात होतं. अजून पाय उचलला नव्हता.

करकर झाली.

आणि माझा पाय उचललाच गेला नाही.

७

होळीनंतर मी उंबऱ्यावर बसले ती उठले नाही. पडले नाही, चक्कर नाही, काही दुखलं नाही. पाय समोर होते, चिमटा काढला तर कळत होता. पण उठायचं कसं, आधी काय करतात, वजन कुठे टाकतात, ते पायांना येत नव्हतं.

“नाना,” मी हाक मारली.

पुढच्या खोलीत सुंभ वाजलं. मग पावलं. मला न बघताही कळलं असतं की ती कुणाची चाल आहे. डावा पाय जरा जोरात, उजवा अलगद, वळताना एक छोटं पाऊल जास्त. लता पोटात होती तेव्हापासून मी तशी चालते. नाना बुटात दाणदाण चालणारा माणूस.

भिंतीपलीकडून सुनंदाबाईनं विचारलं, “कुंदा, तुह्याकडे नळाले पाणी आलं का?”

पावलं थांबली. मग तिचं डोकं भिंतीवर आलं. तिनं आधी उंबऱ्यावर बसलेल्या मला बघितलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या नानांना. डोकं खाली गेलं. तिच्या अंगणातलं दार लागल्याचं ऐकू आलं.

नानांनी मला उचललं. डाव्या काखेत हात घालून, पाठीला आधार देत. मग खाटेवर बसवलं, पाठीला उशी लावली.

दवाखान्यात प्रमिलाबाईंनी नानांना इकडून तिकडे चालवलं आणि इतर डॉक्टरांना बोलावून दाखवलं. “चमत्कार नाही, मेहनत आहे,” म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज बारीक झाला. माझे फोटो निघाले, रक्त तपासलं. कुठेच काही सापडलं नाही. कोणी नसांचं म्हणालं, कोणी मनाचं. मुंबईला दाखवा म्हणाले. नाना हो म्हणाले, मी नाही म्हटलं. मला झोपायचं होतं.

आता सकाळी पाणी भरून झालं की नाना मला उठवतात. चूळ, बशीतून चहा. मग ओल्या फडक्यानं अंग पुसतात. आधी मान, मग कानामागे, मग हात खांद्यापासून खाली, आणि शेवटी फडकं पिळून तळव्यांना. मी त्यांचं असंच करत होते. पहिल्या दिवशी डोळे मिटले तेव्हा मला कळेना की कोण कुणाला पुसतंय. पाठीवरून फिरणाऱ्या तळव्याची एक जागा टेकत नव्हती, करंगळीची. माझेच हात होते ते, मला पुसत होते, आणि ते चांगले हात होते. मी डोळे उघडले. नानांचे डोळे भरून आले होते. पण हात थांबले नाहीत.

८

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लता आली. ती भडगावला दिली आहे, जावई तिथे शाळेवर आहेत. माझं कळवलं तेव्हा जावयांच्या घरी दुखणं होतं म्हणून ती येऊ शकली नव्हती. आता सणाला आली ती थेट माझ्या खाटेशी बसली आणि माझा हात गालाला लावून रडली. नानांना चालताना बघून पुन्हा रडली, हसली. तिच्या काहीच लक्षात आलं नाही. आईबापांची चाल कोण न्याहाळून बघतं?

तिच्या कडेवर तिची लेक गुड्डी होती. पोरगी आताच पाऊल टाकायला शिकली होती. लतानं तिला खाली सोडलं. पायात चांदीचे वाळे, अंगात झबलं. ती खाटेचा पाय धरून उभी राहिली, मला बघून हसली, हात सोडला आणि निघाली. दोन पावलं, डुलणं, हात वर करून तोल सावरणं, पुन्हा एक पाऊल. प्रत्येक पावलाला वाळे वाजायचे. प्रत्येक पाऊल तिला नवीन होतं, ठेवल्यावर ती खाली बघायची, ठेवलं गेलं का म्हणून.

मी बघत राहिले. किती दिवसांनी मला काही बघावंसं वाटत होतं. उन्हाचा तिरपा पट्टा फरशीवर होता, त्यातून ती येत-जात होती. मला माझा थकवा आठवेनासा झाला. ती तोल सावरायची तेव्हा माझ्या पोटात काहीतरी सावरायचं. टाच उचलते, अंगठा दाबते, गुडघा सोडते. सोपं होतं. किती सोपं होतं ते. विहिरीतून गार पाणी वर यावं तसं काही माझ्या पायांत वर येत होतं. आई गेल्यापासून इतकं गोड मला काही वाटलं नव्हतं.

गुड्डी मधेच थांबली. एक पाय उचलायला गेली आणि तशीच राहिली. मग मटकन खाली बसली.

“अगं, ऊठ ना,” लता हसून म्हणाली. “बसमधून उतरल्यावर तं पळत व्हती.” तिनं तिला उभं केलं. पोरीनं पाय टेकवले, लताचं बोट घट्ट धरलं, आणि माझ्याकडे बघितलं. हसत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर एक अडलेपण होतं. मी आरशासमोर केस धरून उभी होते तेव्हा स्वतःच्या चेहऱ्यावर तेच बघितलं होतं.

मी मान भिंतीकडे फिरवली. मान तेवढी अजून माझी होती.

“लता, तू भडगावले परत जा.”

“आता तं आली मी. महिनाभर राहू दे म्हणून सांगून आलीये घरी. तू नुसती पडून राह्य. गुड्डी खेयेल तुह्यासमोर, तुले बरं वाटेल.”

“आजच जा.”

“काय बोलते आई?”

मागे वाळे वाजले. पोरगी रांगत खाटेकडे येत होती. मी डोळे गच्च मिटले तरी ती कुठल्या गुडघ्यावर जोर देते ते मला कळत होतं.

“तुह्या सासरी खायले नही का?” मी म्हटलं. “दर आखाजीले इथं येऊन बसते. मी मरायले टेकली तरी तुले माहेरपण पायजे.”

मग लतानं वाकून पोरीला उचललं. वाळे एकदा वाजले आणि गप्प झाले. ती नानांकडे बघत असावी, त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून. नानांनी तिची पिशवी उचलली. रिक्षा आणायला तेच गेले, उन्हात, माझ्या चालीनं.

जाताना लता दाराशी थांबली. मी वळले नाही. ती पोरीला घेऊन तशीच उतरली. गुड्डी कडेवरच होती. ऊन होतं, फरशी तापली होती, म्हणून कडेवर घेतली असेल.

त्यानंतर एकदा जावई एकटेच येऊन गेले. कामाचं बोलले, पाण्याचं बोलले. लता बरी आहे म्हणाले. गुड्डी चालते का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही ते आपणहून काढलं नाही. चहा पिऊन उठले आणि दारात जरा घुटमळले, मग गेले.

खाट आता भिंतीकडेच तोंड करून असते. मीच सांगितलंय तसं. गल्लीत पोरं खेळायला लागली की नाना खिडकी लावून घेतात, उकडत असलं तरी.

माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलतो. मी हलवत नाही. झोप लागत असली की तो आपोआप आत वळतो, बोटं पसरतात, आणि तळवा काहीतरी शोधत खाली दाबला जातो, चालायला शिकणाऱ्या लेकराचा दाबला जातो तसा. मी कुणाला सांगितलेलं नाही. परवा दुपारी नाना चादर घालायला आले आणि तेव्हाच तो हलला. ते थांबले. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. मग त्यांनी चादरीचा काठ माझ्या पायावरून खाली ओढला, दोन्ही बाजूंनी नीट खोचला, आणि स्वयंपाकघरात भाकरी थापायला गेले.